८४ मोठे की ४६?

भात झोडून घरात आले, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. रात्री दिव्यांच्या उजेडात, कुठे देवळापुढे, कुठे मोकळ्या मळ्यात. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी मुद्दाम रजा काढून येतात. आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत गुडघा धरून लंगडत येणारी पोरे दवाखान्यात दिसू लागतात. चढाईला गेलेल्या गड्याचा पाय मातीत रोवलेला, घोट्याला एकाची मिठी, कमरेला दुसऱ्याची, आणि अंग मात्र मधल्या रेषेकडे पिळलेले. अशा वेळी गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज होतो आणि दोन-चार तासांत गुडघा नारळाएवढा सुजतो. हा आवाज बहुधा गुडघ्याच्या आतला पुढचा बंध तुटल्याचा असतो. डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात. कबड्डीच पाहिजे असे नाही. बांधावरून घसरून, दुचाकीवरून पडूनही तो तुटतो.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत दोन बंध फुलीसारखे एकमेकांवरून जाऊन धरून ठेवतात. त्यांतला पुढचा गेला की गुडघा दगा देऊ लागतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, पण डोक्यावर भारा घेऊन पाखाडी उतरताना पाय एकदम सटकतो. तुटलेली टोके नुसती शिवून सहसा जुळत नाहीत. म्हणून बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या बाजूची स्नायूची दोरी काढतात, दोन्ही हाडांना भोके पाडून त्यांतून ती ओवतात आणि नवा बंध तयार करतात. ऑपरेशन दुर्बिणीने होते. बाहेरून दोन-तीन बारीक भोके आणि एक लहानशी चीर एवढेच दिसते, म्हणून लोकांना वाटते की काम किरकोळ होते. आत मात्र हाडाला गिरमिट लागलेले असते. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

अशाच एका मुलाचे ऑपरेशन घाटावर झाले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. अंगात कणकण होती, म्हणून घरच्यांनी वाटेतच तालुक्याला रक्त तपासायला दिले. संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. सी.आर.पी. ८४, आणि पुढे ठळक अक्षरांत ‘वाढलेला’. नेहमीची मर्यादा ५ लिहिलेली. मग काय विचारता! तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवरून मुंबईच्या मामाकडे गेला, मामाकडून आणखी कोणाकडे गेला, आणि रात्री नऊ वाजता मुलाची आई रिक्षा करून माझ्या दारात उभी.

“डॉक्टर, पोराच्या रक्तात पू झालाय म्हणतात. पाय जाईल काय हो?”

मी वाडीवर जाऊन मुलगा पाहिला. गुडघा सुजलेला होता, पण जखम कोरडी. दुखणे कालच्यापेक्षा कमी. पाय सरळ ठेवून उचलता येत होता, पोटरी मऊ होती, ताप शंभराच्या आतबाहेर. मी म्हटले, “काकी, या आकड्याला घाबरू नका. हा आपोआप उतरतो.” आणि तसेच झाले. सहाव्या दिवशी ३८, बाराव्या दिवशी ७. मुलगा मार्गाला लागला.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि आजचा मजकूर लिहिण्याचे कारण तीच आहे. मी त्या माउलीला ‘घाबरू नका’ एवढेच सांगितले. का घाबरू नये, आणि कधी घाबरावे, हे सांगितले नाही.

पुढे आंब्याच्या दिवसांत शेजारच्या वाडीतल्या एका तरुणाचे तेच ऑपरेशन झाले. पाचव्या दिवशी त्याचा सी.आर.पी. ३४ होता, नवव्या दिवशी ११. टाके निघाले, सगळे ठीक. पंधराव्या दिवशी संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली आणि गुडघा पुन्हा ताठ झाला. घरात सगळे पेट्या भरण्यात गुंतलेले. कलमावरचा आंबा थांबत नाही. भावाने दुकानातून तापाच्या आणि ‘पू सुकण्याच्या’ गोळ्या आणून दिल्या. सतराव्या दिवशी रक्त तपासले तर सी.आर.पी. ४६. तेव्हा पहिल्या मुलाचे वडील भेटायला आले होते. ते म्हणाले, “अरे, आमच्याचा ८४ होता. डॉक्टरच म्हणाले, घाबरायचे कारण नाही. तुझा तर निम्मासुद्धा नाही ना धड!” निम्म्याहून थोडा जास्त होता, पण हिशेबाची ती चूक किरकोळ. खरी चूक वेगळीच होती. या बोलण्यावर विसंबून त्यांनी आणखी एक दिवस काढला. अठराव्या दिवशी मला बोलावले तेव्हा गुडघा तव्यासारखा तापलेला होता, वाकवू म्हटले तर तो ओरडत होता आणि एका टाक्याच्या जागेतून पाणी पाझरत होते. त्याच रात्री गाडी करून त्याला आंबा घाटातून वर पाठवला.

८४ ने माझी झोप उडाली नव्हती. ४६ ने उडाली. असे का, ते आता सांगतो.

शरीराला कुठेही इजा झाली, मग ती जंतूंनी होवो की डॉक्टरच्या सुरीने, तिथून रक्तावाटे यकृताकडे सांगावा जातो. यकृत ताबडतोब एक प्रथिन तयार करून रक्तात सोडू लागते. तेच सी.आर.पी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस या दोन डॉक्टरांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते सापडले. न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगातल्या ‘सी’ नावाच्या पदार्थाला ते चिकटते, म्हणून नावात ‘सी’ आले. पण ते केवळ न्यूमोनियात वाढते असे नाही, हे पुढे कळले. हाड मोडले तरी वाढते, भाजले तरी वाढते, ऑपरेशन झाले तर वाढणारच. हाडाला गिरमिट लागले आहे, हे यकृताला ठाऊक असते; ते जंतूने लागले की सर्जनने, याची चौकशी ते करीत नाही.

आपल्याकडे रोपासाठी राब भाजतात. चैत्र-वैशाखात ज्या दिवशी भाजावळ असते त्या दिवशी साऱ्या मळ्यावर धूर कोंदतो. कोणी कळशी घेऊन धावतो काय? नाही, कारण आज भाजावळ आहे हे सगळ्यांना माहीत असते. धूर दुसऱ्या दिवशी विरतो, तिसऱ्या दिवशी राख थंड होते. पण दहा दिवसांनी काजूच्या बागेच्या अंगाने धुराची नुसती एक रेघ वर चढताना दिसली, तर माणसे जेवते ताट सोडून धावतात. ती रेघ भाजावळीच्या धुरापेक्षा कितीतरी लहान असते, पण तिचा दिवस चुकीचा असतो. पहिल्या मुलाचे ८४ हा भाजावळीचा धूर होता. दुसऱ्याचे ४६ हा वणवा होता.

ऑपरेशननंतर सी.आर.पी. सहा-आठ तासांत चढू लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो. कोणाचा ४०, कोणाचा ८०, कोणाचा शंभराच्याही घरात. एकाच डॉक्टरने, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने ऑपरेशन केलेल्या दोघांचे आकडे सारखे येत नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहण्यात काही हशील नाही. मग तो उतरू लागतो. या प्रथिनाचा एक गुण मोठा कामाचा आहे. यकृताने ते बनवणे थांबवले की रक्तातले प्रमाण साधारण १९ तासांत निम्मे होते. म्हणजे इजेची आग विझू लागली की आकडाही भराभर खाली येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन आठवड्यांच्या आसपास नेहमीच्या मर्यादेत येऊन बसतो. उतरायचा तो उतरलाच नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर आत काहीतरी नवे पेटले आहे. आकडा किती, यापेक्षा दिवस कितवा आणि मागचा आकडा कोणता, हे आधी विचारायचे. माझ्याकडे लोक एकच कागद घेऊन येतात. एका कागदावरून मी काय सांगणार?

त्याच कागदावर बहुधा ई.एस.आर. नावाचा दुसरा आकडा असतो. ही तपासणी त्याहून जुनी. वेस्टरग्रेन या स्वीडिश डॉक्टरची पद्धत १९२१ सालची, आणि तिच्याच धर्तीवर अजून काम चालते. काचेच्या उंच नळीत रक्त उभे करून ठेवतात आणि तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. गढूळ पाणी कळशीत ठेवले की गाळ बसतो, तसेच. शरीरात दाह असला की रक्तातली काही प्रथिने वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर खाली बसतात. पण ही तपासणी मंद. ती हळू चढते आणि त्याहून हळू उतरते. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना ई.एस.आर. वाढलेला राहिला, तर त्यात नवल नाही. शिवाय अंगात रक्त कमी असले तरी तो वाढतो, वय झाले तरी वाढतो, बाई गरोदर असली तरी वाढतो. आपल्या घरांतल्या किती बायकांच्या अंगात रक्त पुरेसे असते, ते मी सांगायला नको. तेव्हा सी.आर.पी. उतरला आहे, गुडघा मोकळा होतो आहे आणि ई.एस.आर. तेवढा वर आहे, तर त्यासाठी झोप घालवू नका.

कागद वाचताना आणखी दोन खड्डे आहेत. एक मापाचा. काही ठिकाणी सी.आर.पी. दर लिटरमागे मोजून लिहितात, तर काही ठिकाणी दर डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागे. ४६ आणि ४.६ हे एकच रक्त असू शकते. रत्नागिरीला एकदा आणि देवरुखला एकदा तपासले आणि ‘४६ चा साडेचारवर आला’ म्हणून पेढे वाटले, असे व्हायला नको. आकड्यापुढची बारीक अक्षरे वाचा, आणि जमेल तर सगळ्या तपासण्या एकाच ठिकाणी करा. दुसरा खड्डा ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा. काही छोट्या प्रयोगशाळांत काचेच्या पट्टीवर थेंब टाकून नुसते पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढेच सांगतात. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी ते पॉझिटिव्ह येणारच, त्यातून काही कळत नाही. आपल्याला चढ-उतार पाहायचा आहे, म्हणून आकडा मागून घ्यावा. खरे सांगायचे तर ज्याची प्रकृती उत्तम सुधारते आहे, त्याने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी न सांगता ही तपासणी करण्याची गरजच नसते. ‘सगळ्या तपासण्या स्वस्तात’ या पाटीला भुलून भीती विकत आणणारे मी पुष्कळ पाहतो.

सी.आर.पी. आग कुठे आहे तेही सांगत नाही. लघवीत जंतू झाले, छातीत कफ झाला, दाढ सुजली, तरी तो चढतो. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचा ताप असतो. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून त्याचे जंतू जखमेवाटे अंगात जातात. लावणीच्या दिवसांत ऑपरेशन झालेल्याने, जखम पुरती भरेपर्यंत, चिखलात पाय घालू नये, हे ओघाने आलेच. ‘नुसता बांधावर उभा राहतो’ म्हणणारे शेवटी चिखलातच उतरतात, हा माझा अनुभव. ताप आला की गुडघ्याचा की लेप्टोचा, हे घरी बसून ठरत नाही.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही जंतू स्वभावाने मऊ असतात. कातडीवर नेहमी वस्ती करणारे हे जंतू आत शिरले तर फार गाजावाजा करीत नाहीत. ताप बेताचा, आकडाही बेताचा. तेव्हा आकडा बरा आणि गुडघा वाईट, असे असेल तर गुडघ्याचे ऐकावे. दिवसागणिक कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, काल जेवढा वाकत होता तेवढा आज न वाकणे, गुडघा दुसऱ्या गुडघ्यापेक्षा स्पष्ट गरम लागणे, टाक्यातून पाणी किंवा पू येणे, संध्याकाळी थंडी वाजून ताप येणे. यांतले एक जरी दिसले, तरी रक्ताच्या रिपोर्टाची वाट न पाहता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा. पोटरी दगडासारखी होऊन दुखू लागली, तर तेही त्याच दिवशी सांगावे. ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते. छातीत दुखले किंवा दम लागला, तर १०८ ला फोन करावा आणि जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

या ऑपरेशननंतर सांध्यात जंतू होणे दुर्मीळ आहे. शंभरांत एकालाही होत नाही म्हटले तरी चालेल. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०१२ साली दाखवून दिले, की नवी दोरी बसवण्यापूर्वी व्हॅन्कोमायसिन या औषधात भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवली तर हे प्रमाण आणखी घटते. आता पुष्कळ ठिकाणी तसे करतात. पण ज्याला होते त्याला बहुधा पहिल्या महिन्यात होते, आणि ते दिवसांचे काम असते, आठवड्यांचे नाही. सांध्यातल्या पुवाने हाडावरची गुळगुळीत कूर्चा खाल्ली जाते. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही. पंचविशीच्या पोराचा गुडघा साठीच्या म्हाताऱ्यासारखा होतो. वेळेवर दुर्बिणीने सांधा धुतला आणि शिरेतून औषध दिले, तर बहुतेक वेळा नवा बंधसुद्धा वाचतो.

आपली अडचण अशी की ऑपरेशन कोल्हापूरला किंवा मुंबईला होते आणि जखम वाडीत भरते. मध्ये घाट, नाहीतर तीनशेवर किलोमीटरचा रस्ता. म्हणून घरी येतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावे की काही झाले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. तेवढे जाणे जमत नसेल तर रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय आहे, चिपळूणकडच्यांना डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. तिथे हाडांच्या डॉक्टरांना दाखवून ऑपरेशनचे कागद पुढे ठेवावेत. संशय असला की डॉक्टर गुडघ्यात सुई घालून आतले पाणी काढतात, त्यातल्या पेशी मोजतात आणि कोणता जंतू आहे ते पाहण्यासाठी पाणी प्रयोगशाळेत वाढवायला ठेवतात. निदान खरे तिथे होते. रक्ताचा आकडा फक्त हाक मारतो.

आणि इथेच दुकानातल्या त्या गोळ्या नडतात. दोन दिवस गोळ्या पोटात गेल्या की जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि पाणी वाढवायला ठेवले तर काहीच उगवत नाही. त्या तरुणाचे असेच झाले. पाण्यात पेशी ढीगभर, पण जंतूचे नाव कळेना. घाटावरच्या डॉक्टरांना अंदाजाने दोन-दोन औषधे चालवावी लागली, आणि जिथे एकावर भागले असते तिथे खर्च दुप्पट आला. तापाच्या गोळीचेही तसेच आहे. ती घ्यायची तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावी. पण घेण्यापूर्वी ताप मोजून लिहून ठेवावा, नाहीतर गोळीने उतरलेल्या तापाला आपण बरे होणे समजतो. जखमेवर तेल, लेप, गरम शेक काही करू नये. गावातल्या हाडवैद्यांविषयी मला आदर आहे, पण ताज्या ऑपरेशनचा गुडघा त्यांच्या हाती देऊ नये.

घरात कालनिर्णय असतेच. दुधाचा, गड्यांच्या खाड्यांचा हिशेब आपण त्यावर लिहितो. ऑपरेशनच्या तारखेभोवती एक गोल करावा आणि त्यानंतर रोज त्या दिवसाच्या चौकोनात संध्याकाळचा ताप आणि गुडघा कालपेक्षा बरा की वाईट, एवढे लिहावे. सी.आर.पी. तपासला तर आकडा आणि त्याचे माप त्याच चौकोनात लिहावे. दवाखान्यात येताना त्या पानाचा फोटो आणलात तरी माझे निम्मे काम होते.

तो तरुण तीन आठवडे घाटावर होता. गुडघा दोनदा धुवावा लागला. सी.आर.पी. ४६ वरून आधी ११० वर गेला, मग हळूहळू २० वर आला, आणि सहा आठवड्यांच्या औषधानंतर ४. बंध वाचला. गुडघा पूर्वीइतका पुरता वाकत नाही, मांडी घालून पंगतीला बसता येत नाही. पण पाखाडी उतरतो, कलमावर चढायचे मात्र भावाकडे दिले आहे. त्याच्या आईने त्या दिवसांचे सगळे आकडे मेच्या पानावर लिहून ठेवले होते. वर्ष सरले तरी ते पान भिंतीवरून उतरवलेले नाही. विचारले तर म्हणाली, “त्यावर दूधवाल्याचा हिशेब राहिलाय अजून.”